झांज कुठे गेली?

मी गमऱ्यांच्या घरातला कॉम्प्युटर. सध्या बंद आहे, म्हणूनच बोलायला मोकळा आहे. चालू होतो तेव्हा स्वतःविषयी चार शब्द काढायला उसंत मिळाली नाही. आता लोखंडी कपाटावर बसलोय, अंगावर आईंच्या जुन्या साडीचा तुकडा आहे, आणि खरं सांगायचं तर फार दमलोय. तेव्हा थोडक्यात सांगतो. नाहीच जमलं थोडक्यात, तर सांभाळून घ्या.

आई म्हणजे दीक्षाची आई. मला या घरात आणलं ते दीक्षासाठी, त्यामुळे तिची नाती तीच माझी नाती. मालकांनाही मी मनातल्या मनात पप्पाच म्हणतो. बाहेर त्यांना सगळे गमरेभाऊ म्हणतात. पूर्ण नाव राजेंद्र सोमा गमरे.

महाडच्या एसटी स्टँडजवळच्या एका दुकानात माझा जन्म झाला. जन्म म्हणजे काय, चार ठिकाणांहून आलेले भाग एका पत्र्याच्या खोक्यात बसवले आणि स्क्रू पिळले. दुकानदार पप्पांना म्हणाला, "दहा वर्षं याच्याकडे बघायला नको." साल दोन हजार अकरा. त्याचा शब्द घरच्यांनी इतका मनावर घेतला, की चौदा वर्षं माझ्या पंख्यातली धूळ काढायलासुद्धा कुणी बघितलं नाही.

पहिली काही वर्षं दीक्षाची. प्रोजेक्ट, फॉर्म, निकाल. निकालाच्या दिवशी ती माझ्यासमोर नखं खात बसायची आणि माझाही जीव टांगणीला लागायचा. मग तिला पुण्यात नोकरी लागली. ती गेली आणि पप्पांनी माझा ताबा घेतला.

पप्पा एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत बॉयलरवर होते. एकतीस वर्षं. पण ती त्यांची नोकरी. त्यांचा जीव होता पेटीत. त्यांच्या वडिलांची, सोमाबाबांची, गायन पार्टी होती. गावोगाव बुद्ध-भीमगीतं गात हिंडायचे. पप्पा लहानपणापासून पेटीवर आणि त्यांचे चुलते गणूकाका झांजेवर. त्या कार्यक्रमांच्या कॅसेट पप्पांनी जपून ठेवल्या होत्या. एका पावसाळ्यात त्यांनी टेपची वायर मला जोडली आणि एकेक कॅसेट माझ्यात उतरवून घेतली. तासाच्या कॅसेटला तास लागतो, तिथे घाई चालत नाही. पप्पा शेजारी बसून राहायचे. सोमाबाबा आणि गणूकाका आता नाहीत. त्यांचे आवाज इंटरनेटवरही नाहीत, फक्त माझ्याकडे होते. या एका गोष्टीसाठी मी थकत आलो तरी चालत राहिलो.

त्याच पेटीपायी पप्पांचं नाव झालं. पोलादपूरच्या डोंगरातल्या गावांपासून रायगडाच्या पायथ्यापर्यंतची मंडळं बिघडलेल्या पेट्या घेऊन ओटीवर यायची. पप्पा पेटी खोलायचे, पितळी पट्ट्या घासून सूर लावायचे, भाता चिकटवायचे, मग मान तिरकी करून ऐकायचे. त्यांनी "जा घेऊन" म्हटलं की विषय संपला. गमरेभाऊंच्या कानाला जे पटलं, ते पुढे कुणी तपासत नसे. घरातलं दुसरं काही कुणी वाखाणलं नाही तरी पप्पांना चालायचं. कान वाखाणला की स्वारी दोन दिवस खूश.

मग दोन हजार एकवीसचा पूर आला. पप्पांनी मला चादरीत गुंडाळून शेजाऱ्यांच्या वरच्या मजल्यावर नेलं, मी वाचलो. माझे स्पीकर खालीच राहिले. त्यांच्या खोक्यांवर गाळाची रेघ अजून आहे. पप्पांनी ते धुतले, आठवडाभर वाळवले, पुन्हा जोडले. सोमाबाबांचं गाणं लावलं आणि आईंना म्हणाले, "झांज बसली गो पुरात."

महाडात तेव्हापासून जे काही बिघडतं ते पुराच्या नावावर जातं. दार घासतं, पूर. गुडघा दुखतो, पूर. तशी झांजही गेली.

माझ्यात गाणं लावलं की पडद्यावर दहा उभ्या पट्ट्या दिसतात. डावीकडच्या ढोलकीच्या घुमाऱ्यासारख्या जाड आवाजांच्या, उजवीकडच्या झांज-घुंगरांसारख्या बारीक आवाजांच्या. पप्पांनी उजवीकडची शेवटची पट्टी थोडी वर सरकवली. झांज परत आली, ते खूश झाले. पुढच्या वर्षी ती पट्टी आणखी वर गेली आणि शेजारचीही. त्याच्या पुढच्या वर्षी तिसरी. गेल्या वर्षापासून तिन्ही छताला टेकल्या होत्या. मला वाटायचं, आपलंच वय झालं, आपलाच आवाज जड झाला. पप्पा पट्टी सरकवायला लागले की मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

आई मात्र स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायच्या. "कानात सुया घालतोय मेला," म्हणायच्या. ते माझ्याविषयी.

यंदाच्या मे महिन्यात दीक्षा चार दिवस आली. येताना एक छोटा काळा डबा घेऊन आली, जेवणाच्या डब्याएवढा. त्याला स्ट्रीमर म्हणतात. नुसतं गाणं वाजवायलाच जन्माला आलेलं यंत्र. पडदा नाही, माउस नाही, मोबाइलवरून सांगायचं आणि त्यानं वाजवायचं. मला राग आला नाही. राग यायलाही अंगात जोर लागतो.

"पप्पा, आता याला पेन्शन द्या," माझ्याकडे बोट करून दीक्षा म्हणाली. "चालू व्हायला चार मिनिटं, गाण्याच्या मध्येच टिंग करतो, आणि पंखा ऐका त्याचा! सोमाबाबांपेक्षा पंखाच मोठ्यानं गातोय."

"पंखा कुठं वाजतोय? गप बसलाय बिचारा," पप्पा म्हणाले.

मी चपापलो. माझा पंखा शेजारच्या घरात ऐकू जातो.

"आणि तुझ्या डब्याला नेट लागणार. पावसात आपल्याकडे दोन-दोन दिवस नेट नसतं."

"तुमची गाणी पेनड्राइव्हवर टाकून त्याच्या पाठीला लावू. नेट लागणारच नाही."

"मोबाइल हातात धरून गाणं लावायचं? मला माउस बरा."

शेवटी दोघांचं ठरलं, की एकच गाणं दोघांवर लावायचं आणि काय ते ठरवायचं. अँप्लिफायर तोच, पुरातून आलेले स्पीकर तेच. आधी डबा वाजला. पप्पा डोळे मिटून बसले आणि थोड्या वेळानं त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"झांज कुठे गेली?"

"आहे की. आत्ताच वाजली."

"गणूकाकाची झांज तू मला सांगतेस? बारा वर्षं माझ्या शेजारी बसून वाजवलीय त्यानं. गिळली या डब्यानं. सगळी पार्टी गोधडीत तोंड घालून गातेय."

मग मला लावलं. पप्पांचा चेहरा खुलला. दीक्षानं दोन्ही हात कानांवर ठेवले. "पप्पा, हे गाणं आहे की पत्रा कापतायत?"

"तुला गाण्यातलं काय कळतंय?"

ती चिडून स्वयंपाकघरात गेली. दोघंही खरं बोलत होती आणि दोघंही यंत्रांना शिव्या देत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं डोंगरावरच्या कुडपण गावच्या भजनी मंडळाचे धोंडूबाबा आले. पंचाहत्तरीचे, वाळके, ताठ. चादरीत बांधलेली पेटी त्यांनी ओटीवर ठेवली. ती तीनच आठवड्यांपूर्वी पप्पांनी दुरुस्त करून दिली होती.

"भाऊ, रागावू नका," धोंडूबाबा म्हणाले. "पेटी सुरात हाय, त्यात काय नाय. पन भात्यातनं वारा जातोय. बुवा श्वास घ्याला थांबला का फुस्स करतेय. पोरं हसतात. नि सप्ताह आठ दिसांवर आलाय."

पप्पांनी भाता हलवला. मान तिरकी केली. पुन्हा हलवला. "काय नाय धोंडूबाबा. तुमच्या पठारावर वारा हाय, तोच ऐकता तुम्ही."

धोंडूबाबा हसले नाहीत. आवाज खाली आणून म्हणाले, "भाऊ, हिरकणीवाडीवाल्यांची पेटी पन अशीच गेली. ते आता दुसरीकडं नेतात. आमच्यात पन तेच चाललं होतं. मी म्हटलं, नाय, मी भाऊंकडंच जानार."

पप्पांनी भाता आणखी दोनदा हलवला, जोरात. फुस्स, फुस्स. मला आत ऐकू आलं. दारात उभ्या असलेल्या दीक्षालाही आलं.

"बाय, तू तरी ऐक गो," धोंडूबाबा तिला म्हणाले.

पप्पांनी तिच्याकडे बघितलं. तिला होही म्हणवेना आणि नाहीही म्हणवेना. "आलेच," म्हणून ती आत आली आणि माझ्यासमोर येऊन बसली.

पडद्यावर कालचं गाणं थांबलेलं होतं आणि पट्ट्या समोर होत्या. उजवीकडच्या तीन, छताला टेकलेल्या. ती बघत राहिली. मग तिन्ही खाली ओढून मधल्या रेघेवर आणल्या आणि गाणं लावलं. कितीतरी वर्षांनी माझ्यातून झांज जशी होती तशी निघाली.

बाहेरून पप्पा ओरडले, "बाय, तो तुझा डबा बंद कर गो! नको लावूस तो!"

डबा लावलेलाच नव्हता. वाजत मी होतो.

दीक्षाचा हात माउसवर तसाच राहिला. तिला कळलं. मलाही तेव्हाच कळलं. आवाज माझा गेला नव्हता, स्पीकरचाही गेला नव्हता.

तिनं मोबाइल उचलला. डब्याच्याही तशाच पट्ट्या मोबाइलवर असतात. तिनं उजवीकडच्या तीन वर सरकवल्या, थेट छतापर्यंत. एवढ्यावर थांबली असती तर भागलं असतं. पप्पांना डबा आवडला असता, झांज सापडली असती, भांडण मिटलं असतं, आणि त्यांचा कान त्यांच्यापुरता शाबूत राहिला असता. मला वाटलं, करून टाक बाई. मी सुटतो, तेही सुटतात.

बाहेर पप्पा अजून भाता हलवत होते. फुस्स, फुस्स. दीक्षानं डोळे पुसले, मोबाइलवरच्या पट्ट्या पुन्हा खाली आणल्या आणि हाक मारली, "पप्पा, जरा आत या."

पप्पा आले. तिनं पडद्यावर बोट ठेवलं. "मघाशी डबा नव्हता पप्पा. हाच होता. मी फक्त या पट्ट्या खाली आणल्या."

"अगं, स्पीकर पुरात भिजले, म्हणून मी..."

"स्पीकरमधून मला झांज ऐकू येते. आईला येते." तिचा आवाज चिरकला. "भात्यातला वारासुद्धा ऐकू येतो, पप्पा."

पप्पा खुर्चीत बसले. बराच वेळ त्या पट्ट्यांकडे बघत राहिले, जसे कधीकाळी ती निकालाकडे बघायची तसे. मग हळूच म्हणाले, "बॉयलर. कापूस घालायचो गो मी कानात. रोज घालायचो."

मला वाटलं, आता काहीतरी कारण सांगून धोंडूबाबांना वाटेला लावतील. इतक्या वर्षांचं नाव कोण आपल्या हातानं पुसतं? पण पप्पा ओटीवर गेले आणि त्यांच्यासमोर मांडी घालून बसले.

"धोंडूबाबा, तुमचं खरं हाय. पेटी फुसफुसत असेल. मला ऐकू येत नाय. माझा कान गेलाय."

धोंडूबाबांनी पेटी पुढे ओढली, वाकून भात्याला कान लावला आणि म्हणाले, "हलवा तुम्ही. कुठनं जातोय ते मी सांगतो, तुम्ही चिकटवा."

पप्पांनी भाता हलवला. धोंडूबाबांनी एका कोपऱ्यावर बोट ठेवलं. पप्पांनी तिथं सरस लावला आणि चामड्याचा तुकडा चिकटवला. पुन्हा हलवला, पुन्हा बोट. दोन म्हातारी माणसं तासभर एका पेटीवर वाकून होती आणि दीक्षा दारात उभी राहून रडत होती, आवाज न करता. आवाज केला असता तरी पप्पांना फारसा ऐकू आला नसता, पण सवय.

पावसाळ्यात पप्पांच्या कानांना मशीन लागलं. बरीच चिडचिड झाली, दोनदा काढून फेकून दिलं, आईंनी पलंगाखालून शोधून आणलं. मग एका दुपारी ते मशीन घालून माझ्यासमोर बसले आणि मला चालू केलं. दचकलेच. छताच्या पंख्याकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"अरे बापरे, हा तू?" म्हणाले.

पट्ट्या मधल्या रेघेवरच होत्या. त्यांनी सोमाबाबांचं गाणं लावलं. पहिल्याच ओळीच्या शेवटी झांज पडली, बारीक, स्वच्छ, ना बोचरी ना बसकी. "गणूकाका," पप्पा म्हणाले, आणि पुढचं अख्खं गाणं त्यांनी मान खाली घालून ऐकलं.

दोन दिवस लागले सगळी गाणी पेनड्राइव्हवर उतरवायला. आता ती डब्याच्या पाठीला लावलेली आहेत. डबा खाली वाजत असतो, मी इथून ऐकतो. चांगला वाजवतो, खोटं कशाला बोलू? मंडळं अजून पेट्या घेऊन येतात. पप्पा आल्या-आल्या सांगून टाकतात, की वारा जातोय का ते तुम्ही ऐका, बाकीचं मी बघतो. काही उठून जातात. कुडपणवाले जात नाहीत.

तुमच्या घरात कुणी दरवर्षी आवाज थोडा-थोडा वाढवत असेल, तर यंत्र बदलायच्या आधी त्या माणसाजवळ जरा बसा. माझं एवढंच मागणं आहे. नवा डबा आणायला सोपा असतो, हे मलाही कळतं.

शेवटचं गाणं उतरवून झालं त्या दिवशी मला बंद करायच्या आधी पप्पांनी माझ्या तापलेल्या पत्र्यावर हात ठेवला आणि थोडा वेळ तसेच बसले. "तुझ्यावर उगाच आळ घेतला रे," म्हणाले. "वाजवत तू बरोबर होतास."

चार वर्षं मी हे ऐकायला थांबलो होतो. आता मला झोपू द्या.