शिलाँग चायनीज

आकाराम पलटणीतून पेन्शनवर घरी आला तेव्हा त्याच्या ट्रंकेत दोन गोल बुडाच्या लोखंडी कढया होत्या. घोंगड्या, रमच्या बाटल्या, जर्सी, सगळं भावकीत वाटून झालं, पण त्या कढयांना त्यानं कुणाला हात लावू दिला नाही. तासगावजवळच्या त्याच्या वाडीत असली भांडी कुणी पाहिलेली नव्हती. यात काय रांधायचं, असं शेजारच्यांनी विचारलं तर तो हसून म्हणायचा, सांगलीत खानावळ काढणार हाय, चिनी जेवणाची. १९७८ सालची होळी नुकतीच झाली होती. लोकांना वाटलं, एवढी वर्षं सरहद्दीवर काढून माणूस जरा हलला असावा.

पण हा विचार काही आजचा नव्हता. बारा वर्षांपूर्वी त्याची पलटण शिलाँगला होती. आकाराम लंगरात स्वयंपाकी. बाजाराच्या चढावर फोंग नावाच्या म्हाताऱ्या चिन्याची पाच टेबलांची खानावळ होती. फोंगबाबाचा जन्म तिथलाच, तरी चीनशी लढाई झाली तेव्हा त्याला उचलून दोन वर्षं छावणीत ठेवलं होतं. सुटून आला तर दुकानाला कुलूप, पोरं कलकत्त्याला निघून गेलेली, आणि जुनी गिऱ्हाइकं तोंड चुकवून जाणारी. अशा दुकानात आकाराम दर रविवारी जाऊन बसायचा. आधी खायला, मग बघायला, मग हाताखाली राबायला. एकदा भट्टीचा भडका उडाला, तेलाची कढई म्हाताऱ्यावर कलंडणार तेवढ्यात आकारामनं मध्ये हात घातला. डाव्या हाताची कातडी कोपरापर्यंत सोलून निघाली. त्या दिवसापासून फोंगबाबानं त्याच्यापासून काही लपवलं नाही. रस्सा कसा काढायचा, आच कुठं वाढवायची, पीठ किती वेळ मळायचं, सगळं दाखवलं, आणि आकारामनं ते एका जाड वहीत उतरवून घेतलं. म्हाताऱ्यानं बदल्यात एकच मागितलं. जिथं हे खाऊ घालशील तिथं कुणाकडून शिकलास ते सांग, एवढंच.

या रविवारांना त्याच्यासोबत सयाजी असायचा. उंब्रजचा सयाजी पलटणीत स्टोअरकीपर होता. स्वयंपाकात त्याला काडीचं कळत नव्हतं, तो नुसता खायला यायचा, पण खाणारा असा की वाढणाऱ्याला हुरूप यावा. दोघांचं तिथंच ठरलं, पेन्शनीला गेलो की दोघांनी मिळून सांगलीत दुकान टाकायचं. आकाराम भट्टीवर, सयाजी गल्ल्यावर. सयाजी चार वर्षं आधी सुटला. तो निघताना आकारामनं ती वही त्याच्याच हाती दिली आणि सांगितलं, घरी हरणाबाईकडे नेऊन दे, माझ्या बदल्यांत कुठंतरी हरवायची.

त्याच्या बायकोला, हरणाबाईला, लिहिता-वाचता येत नव्हतं. पूर्वी तिची पत्रं गावचे मास्तर लिहून द्यायचे. सयाजी सुटल्यावर ती सयाजीच्या अक्षरात येऊ लागली. सगळं खुशाल, म्हैस व्याली, तुमची वाट बघतो. चार वर्षं घरी यायला रजा मिळाली नव्हती, दूर आसामात ते ओळखीचं अक्षर बघून आकारामला भरून यायचं. गड्यानं उंब्रजवरून एसटीनं येऊन आपल्या घराची चौकशी करावी, पत्र लिहून द्यावं, ही काय लहान गोष्ट होती?

म्हणून घरी आल्यावर पाचव्या दिवशी तो सयाजीला आणायला निघाला. सांगलीत स्टँडमागं एक गाळा त्यानं हेरून ठेवला होता, तो दोघांनी मिळून बघायचा होता. निघताना हरणाबाई दारात आली. ऊन लय हाय, म्हणाली, आज ऱ्हाऊ द्या. तो म्हणाला, राजस्थानात काढल्यात दोन वर्सं, ह्ये कसलं ऊन. ती आत वळली.

उंब्रजला सयाजी नव्हता. त्याच्या भावानं सांगितलं की तो तीन वर्षं झाली साताऱ्यात आहे, चिनी हॉटेल टाकलंय, झक्कास चालतंय. आणि वर विचारलं, तुमास्नी ठावं न्हाई व्हय?

आकाराम क्षणभर गोंधळला, पण मग त्याला आनंदच झाला. त्याच्या मनानं लगेच जुळवून टाकलं. सयाजीनं दोघांच्या नावानं सुरुवात करून ठेवली, आपण आलो की अचानक दाखवायचं असा त्याचा बेत असणार. सांगलीऐवजी सातारा, तर सातारा. साताऱ्याच्या गाडीत खिडकीशी बसून तो मनात भट्टी कुठं असेल, धुराडं कसं काढलं असेल, याचाच विचार करत होता.

दुकान सापडायला वेळ लागला नाही. स्टँडवर कुणीही बोट दाखवत होतं. कोर्टाकडं जाणाऱ्या रस्त्यावर लाल पाटी, त्यावर पिवळ्या अक्षरांत ‘शिलाँग चायनीज’. आत आठ टेबलं, छताला कागदी कंदील, टेबलावर व्हिनेगरात बुडवलेल्या हिरव्या मिरच्यांची बाटली. बरणीत काटे ठेवलेले होते, पण पागोटेवाले बागायतदार सरळ बोटांनी नूडल्स उचलत होते, आणि एका टेबलावर तर कुणीतरी फडक्यातली भाकरी सोडून रश्श्यात कुस्करत होता. फोंगबाबाच्या दुकानात आकारामनं जी गर्दी कधी पाहिली नाही ती इथं होती. त्याची छाती फुगली.

सयाजी पुण्याला सामान आणायला गेला होता, तासाभरात येणार होता. आकारामनं आपण कोण ते सांगितलं नाही. गंमत करायची होती त्याला. जागा नव्हती म्हणून तो एका खाकी शर्टवाल्या गृहस्थासमोर बसला. ते एसटीतले कंट्रोलर लालासाहेब, रोजचं गिऱ्हाईक. नवा माणूस बघून त्यांना बोलायची हौस आली. काय मागवावं ते सांगितलं, आणि ताटली येईपर्यंत मालकाची गोष्ट सांगायला घेतली.

मालक मिलिटरीत होते, लालासाहेब म्हणाले. तिकडं शिलाँगला एक चिनी म्हातारा होता, सगळ्यांनी वाळीत टाकलेला. मालक एकटे त्याच्याकडं जायचे. एकदा उकळतं तेल म्हाताऱ्याच्या अंगावर पडत होतं, मालकांनी स्वतःचा हात मध्ये घातला. म्हाताऱ्यानं मुलगा मानलं आणि सगळी विद्या दिली.

आकाराम ऐकत होता. आधी त्याला वाटलं, यांची ऐकण्यात काही चूक झाली असेल. त्यानं विचारलं, मालकाच्या हातावर डाग आसंल मग?

“असणारच की,” लालासाहेब म्हणाले. “पण ते कधी दाखवत नाहीत. मोठेपणा सांगायचा स्वभाव नाही त्यांचा.”

आकारामनं डाव्या हाताची बाही ओढून मनगटापर्यंत खाली घेतली. का घेतली ते त्याला तेव्हाही सांगता आलं नसतं. चोरी दुसऱ्यानं केली होती आणि लाज त्याला वाटत होती. त्या म्हाताऱ्याचं नाव काय, असं त्यानं विचारलं. लालासाहेबांनी खांदे उडवले. कुणीतरी चिनी, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

ताटली आली. कोबी, गाजर, कांद्याची पात, कडेला अंड्याचे तुकडे. आच कमी पडली होती, भाजी मऊ झाली होती, हे त्याला वासावरूनच कळलं. त्यानं नूडल्सचा घास तोंडात घेतला आणि चावता चावता थांबला. ही यंत्राची शेवई नव्हती. हातानं ओढलेली होती, मध्ये जाड, टोकाला बारीक होत गेलेली. आणि तिला अगदी हलका, आंबूसगोड वास होता. बेदाण्याचा. साताऱ्याला बेदाणे कुठले? वाडीत त्याच्या मेव्हण्याची बेदाणे वाळवायची शेड होती. तिथंच बांबू टांगून हरणाबाई उन्हाळ्यात शेवया वाळवायची, धूळ लागू नये म्हणून. लग्नानंतरची जी पहिली शेवयाची खीर त्यानं खाल्ली होती तिला हाच वास होता. शिलाँगला फोंगबाबा पीठ ओढताना बघून त्याला दर वेळी बायकोचे हात आठवायचे. हे त्यानं तिला कधी कळवलं मात्र नव्हतं.

त्यानं दुसरा घास घेतला. शंका राहिली नाही. ताटली तशीच ठेवून तो पाणी प्यायला.

सयाजी आला तो पाठीवर पोतं घेऊन, मागच्या दारानं. आकारामला पाहिलं आणि त्याच्या तोंडावरचा रंग उतरला. पण माणूस मुरलेला, पुढच्याच क्षणाला त्यानं आकारामला मिठी मारली आणि मागं भट्टीजवळ नेलं. तिथं दोघांमध्येच बोलणं झालं. सयाजी आधी पुष्कळ बोलला. कळवणारच होतो, म्हणाला. पाटीवर तुझंही नाव घालायचं होतं. आता तू आलास, भट्टी तुझीच, उद्यापासून उभा राहा.

आकारामनं ते सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “धंदा केलास, वहीतलं घेतलंस, त्ये जाऊ दे. पन माजा हात भाजला त्ये तू तुजं म्हून का सांगितलंस?”

सयाजीनं मान वळवली. चुलीकडं बघत म्हणाला, “गिऱ्हाइकाला गोष्ट लागती गड्या. मला कुठं गोष्ट व्हती? वीस वर्सं मी नुसती पोती मोजली.”

“आनि फोंगबाबाचं नाव?”

“त्ये माज्या ध्यानातच ऱ्हायलं न्हाई,” सयाजी म्हणाला, आणि हे बहुतेक खरं होतं.

शेवयाबद्दल आकारामनं त्याला काही विचारलं नाही. ते विचारायची जागा ही नव्हती. लालासाहेब हात धुऊन बाहेर उभे होते, त्यांनी ओळखीचं हसून विचारलं, आवडलं का जेवण? आकाराम म्हणाला, व्हय. आणि स्टँडकडं चालू लागला.

घरी पोचला तेव्हा दिवस मावळत होता. हरणाबाई अंगणात म्हशीला आंबोण ठेवत होती. त्याच्या चालण्यावरूनच तिनं ओळखलं. टोपलं खाली ठेवलं आणि उभी राहिली. तो पायरीवर बसला, पायातल्या वहाणा काढल्या आणि म्हणाला, साताऱ्यात तुज्या हातच्या शेवया खाऊन आलो.

ती नाही म्हणाली नाही. तीन वर्षं झाली, दर पंधरा दिवसाला सयाजी येतो, डबे भरून नेतो, हे तिनं एका दमात सांगितलं. वही त्यानं आणून दिली तेव्हा वाचूनही दाखवली होती. पहिल्यांदा मळलेलं पीठ तुटलं, दुसऱ्यांदा तुटलं, तिसऱ्यांदा जमलं.

“मला का कळवलं न्हाईस?”

“पत्र कोन लिवत व्हतं?” ती म्हणाली. “म्या सांगायची, लिवा की शेवया करती म्हून. ते लिवायचे. वाचून दावायचे बी. तुमचं उत्तर यायचं त्यात शेवयाचं नावच न्हाई. मला वाटलं तुमास्नी आवडलं नसंल. मग एक दिस म्या धाडायच्या आधी दुसऱ्याकडनं पत्र वाचून घेतलं, तवा कळलं, त्यात शेवयाचं लिवल्यालंच न्हाई.”

आकारामनं वर पाहिलं. पत्र लिहिणाऱ्यानं तिलाही फसवलं होतं, म्हणजे ती आपल्या बाजूची होती. ही एवढी आशा त्याला पुरली असती. त्यानं विचारलं, “कळलं तवा मग?”

हरणाबाईनं पदर नीट केला. “तवाबी म्या शेवया देतच ऱ्हायले,” ती म्हणाली. “दीड वर्स झालं त्याला. मास्तरांकडनं कळवता आलं आसतं तुमास्नी. न्हाई कळवलं.” आणि पुढं म्हणाली, “आवं, सयाजीभावजींनी मला इचारलं, वैनी, तुमास्नी जमंल का ह्ये? साताऱ्याला नेऊन टेबलावर बसवलं, लोक खाताना दावले. तुमी बारा वर्सं खानावळ खानावळ करताय. त्यात मी कुठं व्हते का?”

वही त्यानं तिच्याकडं ठेवायला पाठवली होती, पेटीत कागद ठेवतात तशी. ती वही उघडेल असं त्याच्या मनातही आलं नव्हतं. ती बोलते ते खरं आहे हे त्याला पटत होतं आणि पटूनही आतला पीळ सुटत नव्हता. सयाजीचा त्याला राग आला होता. हरणाबाईचा राग येईना, आणि तेच त्याला सोसत नव्हतं. इतक्या लांबून ज्या दोन माणसांच्या भरवशावर त्यानं दिवस मोजले होते, ती दोघं शेडमध्ये बसून शेवया वाळवत होती, आणि तो आसामात बसून खुशालीची पत्रं उशाशी ठेवत होता.

शेवटी तो म्हणाला, “तुला द्यायच्या आसतील तर देत जा. मी अडवणार न्हाई.”

तिला वाटलं होतं तो ओरडेल, वेळ आली तर हात उगारेल. तसं झालं असतं तर तिलाही रडता आलं असतं. तो उठून हातपाय धुवायला गेला.

पंधरा दिवसांनी सयाजी डबे घेऊन आला तेव्हा हरणाबाईनं ते रिकामे परत दिले. आकारामनं तिला तसं सांगितलं नव्हतं. सयाजीचं काही अडलं नाही, पुण्याहून यंत्राच्या शेवया येऊ लागल्या, गिऱ्हाइकांना फरक कळला नाही. सांगलीचा गाळा मात्र आकाराम परत बघायला गेला नाही. त्यानं साखर कारखान्याच्या कँटीनमध्ये नोकरी धरली. डाळ, भात, उसळ. कढया त्यानं भंगारवाल्याला न देता गुऱ्हाळवाल्या चुलतभावाला दिल्या. कारखान्यात कलकत्त्याचा एक इंजिनियर होता, त्यानं एकदा विचारलं, तुम्ही तिकडं होतात ना, चाऊमीन येतं का बनवता? आकाराम म्हणाला, नाही येत.

घरात दोघांचं बरं चालू होतं. भांडण नव्हतं. दर शनिवारी तो कारखान्यावरून यायचा, ती ताट वाढायची, तो जेवायचा, म्हशीची चौकशी करायचा. उन्हाळ्यात एकदा तिनं न राहवून विचारलं, डबे परत केले त्ये तुमास्नी कळलं का? तो म्हणाला, कळलं. ती त्याच्या तोंडाकडं बघत उभी राहिली. त्यानं भाकरीचा तुकडा मोडला, कालवणात बुडवला आणि म्हणाला, मीठ झालंय बरोबर.