मोजायची जागा

मी वाफेची टाकी बोलतेय. हळूच बोलतेय, मोठ्याने मला एकदाच बोलता येईल.

कापड रंगवणाऱ्या या कारखान्यात मी आले, तेव्हा माझं लोखंड जाड होतं आणि नाक वर. वाफ थंड पडू नये म्हणून मला ग्लासवूलमध्ये गुंडाळलं, वरून चकचकीत पत्रा चढवला. नव्या नवरीचे लाडच की! पुढे पत्र्याचे सांधे उसवले, फरशी धुतलेलं पाणी आत शिरलं, आणि ओल मुरली ती मुरलीच. मागच्या अंगाला, तळाशी, मी कुणाला न दिसता झिजत गेले.

तपासणी मात्र दरवर्षी नेमाने होते. माझ्या पोटावर, सहज हात पोचेल अशा उंचीवर, पत्र्यात एक गोल खिडकी कापली आहे. तिथलं लोखंड घासतात, यंत्र टेकवतात, जाडी मोजतात. तिथे मी ठणठणीत आहे. रोग रेड्याला, औषध पखालीला.

मला चालवतात ते मामा. सगळा कारखाना त्यांना मामाच म्हणतो. कंबर धरते म्हणून ते मागे स्टूल टाकून मला टेकून बसतात. म्हातारी असली तरी शेक चांगला देते, असं माझं कौतुक करतात. मलाही त्यांच्या पाठीची सवय झाली आहे.

यंदा तपासायला एक तरुण ताई आली. झडप फुसकारली तरी दचकणारी. खिडकीतली जाडी मोजून झाल्यावर तिने वाकून तळाच्या पत्र्याला हात लावला. बोटं ओली झाली. मागचा पत्रा उतरवून दाखवा, म्हणाली. त्यासाठी वाफ बंद करावी लागेल, म्हणजे दिवसभर कारखानाच बंद, हे मॅनेजरनी तिला बालवाडीतल्या मुलीला सांगावं तसं सांगितलं.

"ताई, दरवर्षी जिथे मोजतात तिथेच मोजा ना. नाहीतर मागच्या वर्षीशी आकडे जुळायचे कसे?"

मामांनीही री ओढली. "पोरी, माझी पाठ हिला रोज तपासते. खणखणीत आहे."

ती ओल्या बोटांकडे बघत राहिली. मग बोटं रुमालाला पुसली आणि मला आणखी वर्षभर चालवायला हरकत नाही, म्हणून सही केली.

जाताना मात्र तिने मामांचं स्टूल उचललं आणि पार दारापाशी नेऊन ठेवलं.

"मामा, इथे बसत जा. वारा येतो."

वारा म्हणे! म्हणजे तिला कळलं होतं. एका स्टुलापुरतं कळलं होतं.

तिची पावलं फाटकापर्यंत ऐकू येत होती, तोवर मामा तिचा मान राखून दारात बसले. मग स्टूल ओढत परत घेऊन आले.

आता पाठ टेकलीय त्यांची. नेमकी तिथेच.

मामा, दारात वारा छान आहे हो. उठा.