बाटली आणि माझं नाक

दारूचा वास मला अंगणातून कळतो. वीस वर्षं तसल्या नवऱ्याबरोबर काढल्यावर दुसरं काय शिकणार? बडीशेप चघळून येवो नाहीतर कच्चा कांदा खाऊन, त्यानं "घेतली नाय, आईशप्पत" म्हणायच्या आतच मला कळायचं. शेवटी तो दारूनंच गेला. तेव्हाच ठरवलं, माझी लेक अक्षदा पिणाऱ्याच्या घरात द्यायची नाही.

ओतूरचा मोहित चाकणला कंपनीत होता, जपानी साहेबाच्या हाताखाली. अक्षदाच्या मनात तो भरला होता, माझा होकार तेवढा राहिला होता. होकार घ्यायला तो आपल्या चुलत्याबरोबर आमच्या गावी, महाळुंगे पडवळला आला, तर पेढ्यांसोबत एक बाटली. वर गुलाबी फळाचं चित्र, बाकी सगळं जपानी.

"साहेब मायदेशी जाताना देऊन गेला, मामी. तांदळाचं करत्यात, पन फळावानी लागतं म्हनं. मला आज चतुर्थी, तांदूळ चालत नाय. तुमी घ्या."

स्टीलच्या पेल्यात ओतलं, तर बारीक बारीक बुडबुडे. मी सवयीनं आधी नाक लावलं. पिकलेल्या पेरूसारखा गोड वास, त्याच्यामागे भिजत घातलेल्या तांदळाचा. घोट घेतला तसं जिभेला जरासं टोचलं आणि गारेगार खाली उतरलं.

"लई भारी सरबत हाय राव!" म्हणत मी दुसरा पेलाही घेतला. कानशिलं गरम झाली, म्हटलं उन्हाचं असेल. हसत हसत होकार देऊन टाकला आणि पाहुणे निघाले.

तासाभरात मोहित एकटाच परत आला. चुलत्याला नारायणगावच्या स्टँडवर सोडून आला होता. मोटरसायकल नीट उभीही केली नाही.

"मामी, एसटीडीवरनं कंपनीतल्या दुभाषी बाईंना फोन केला, म्हटलं सरबत आवडलं सगळ्यांना. त्या हसायलाच लागल्या. त्यात दारू हाय. थोडी, पन हाय. मला ठावं नव्हतं."

माझं डोकंच चालेना. दारू असती तर मला कळली नसती? आणि मला कळली नाही तर ती दारू कसली? की पोरगा सगळं ठरवून आला होता? पण मग सांगायला परत कशाला येईल? गप्प बसला असता तर मला जन्मात कळलं नसतं. माझ्या माणसानं वीस वर्षांत एकदाही खरं सांगितलं नव्हतं. मला रागही येत होता आणि रडूही.

"हिकडं ये. तोंड उघड."

तो मुकाट्यानं आ करून समोर उभा राहिला. मी नाक जवळ नेलं. आला. तोच ओळखीचा, आंबूस वास. अक्षदा दारात ओढणी मुठीत धरून बघत होती.

मोहित मागे सरला. वास होता तिथंच राहिला. मी तोंडापुढे तळहात धरून श्वास सोडला.

"अक्षदा," मी तोंडावर पदर घेत म्हटलं, "जावईबापूंना च्या टाक. उपास हाय त्यांचा."