अदेरितूचा भारदस्त शब्द

पोर्तुगालमधल्या ओल्यांव बंदरामागे तारली मासे डब्यांत भरायचा कारखाना होता. तो डेन्मार्कच्या मंडळींनी विकत घेतला, तेव्हा मुकादम अदेरितू एकदम व्यवस्थापक झाला. कारण इंग्रजी लिहिता येणारा तो एकटाच होता. तेही कामापुरतं. ते उघडं पडू नये म्हणून दर पत्रात एखादा भारदस्त शब्द पेरायची त्याला सवय लागली होती.

डबे भरायचं टेबल वाफेच्या भट्टीपासून लांब होतं. जड ट्रे वाहून बायकांचे हात भरून येत. टेबल जवळ हलवा, एवढंच मालकांना कळवायचं होतं; पण इतकं साधं लिहायला त्याचं मन घेईना. शब्दकोशात त्याला ‘स्ट्रीमलाइन’ सापडला: ओघासारखं सुरळीत करणं. त्याने लिहून टाकलं, डबे भरायचं काम स्ट्रीमलाइन करावं. टेबलाचा उल्लेख राहूनच गेला.

पंधरा दिवसांनी उत्तर आलं. सूचना मान्य. यंत्र येईल, अकरापैकी पाच बायकांना मेअखेर कमी करावं. गरज नेमकी हेरल्याबद्दल श्री. अदेरितू यांचे आभार.

त्याने शब्दकोश पुन्हा उघडला. खाली दुसरा अर्थ होता: अनावश्यक ते काढून टाकणं. आधी तो तिथवर वाचायला थांबलाच नव्हता.

त्याने लगेच साध्या शब्दांत खुलासा पाठवला. निर्णय झाला आहे, असं सौजन्याने कळवण्यात आलं.

पत्र बायकांना वाचून दाखवताना त्याने आभाराची ओळ गाळली. पाचांत इदालिना होती. कारखान्यात आल्यावर मासे साफ करायला तिनेच त्याला शिकवलं होतं. कागदाकडे बघत ती म्हणाली, “यात तुझं नाव दिसतंय रे.”

“पत्र माझ्याच नावानं येतं, मावशी.”

तिने मान डोलावली. तिचा तो विश्वास त्याला सोसवेना. रविवारी तो तिच्या घरी गेला. ती गच्चीवर चादरी वाळत घालत होती. त्याने गाळलेल्या ओळीसकट सगळं सांगितलं.

“म्हणजे तुला टेबल हलवायचं होतं?”

“हो.”

“मग टेबल म्हणायला काय झालं होतं?”

“अडाणी वाटलो असतो,” तो खाली बघत म्हणाला.

इदालिनाने चादरीला चिमटे लावले. मग म्हणाली, “बाकीच्या चौघींना तूच जाऊन सांग. मी सांगितलं तर रागाच्या भरात भलतंच सांगेन.”

तो चौघींकडे गेला. एकीने पाणी दिलं, एक रडली, तिसरीचा नवरा अंगावर धावून आला. शेवटची जुल्मिरा. तिने दारातच ऐकून घेतलं, आत ये म्हणाली नाही.

“झालं सांगून?”

“हो.”

तिने दार लावलं. त्याला पायऱ्या उतरायचं सुचत नव्हतं. आतून ताटं मांडल्याचा आवाज येऊ लागला, तरी तो तिथेच उभा होता.