सेनापतीच्या पायाशी कुंदा

विलासला गोष्टी रंगवून सांगायची भारी हौस. ती हौस एका शुक्रवारी दुपारी, आखातात, अल मजाजमधल्या त्याच्या स्वतःच्याच घरात, चांगलीच अंगाशी आली.

निमित्त ईराच्या चित्राचं. लेक अकरावीत. चित्र रविवारी शाळेच्या स्पर्धेला जायचं होतं, म्हणून कुंदानं दोन-तीन घरं जेवायला बोलावली होती. जेवणं झाल्याशिवाय चित्रावरची चादर उचलायची नाही, आईबापांनीही नाही, असा ईराबाईंचा हुकूम होता.

प्रल्हाद एकटाच आला. तो पूर्वी विलासच्या हाताखाली, सिलिकॉन ओएसिसमधल्या कंपनीत. २००८ च्या मंदीत त्याची नोकरी गेली, बायकोमुलांना पुण्याला धाडावं लागलं. आत्ता कुठं अबू धाबीत काम लागून ती परत आली होती.

"वैभवी कुठाय?" कुंदानं दारातच विचारलं. प्रल्हादची ही बायको एकेकाळी कुंदाची जिवाभावाची मैत्रीण, आणि आता दोन वर्षं फोन घेत नव्हती. का, ते कुंदाला काही केल्या कळत नव्हतं.

"डोकं दुखतंय तिचं," प्रल्हाद खाली बघत म्हणाला.

जेवणं उरकली. ईरानं चादर ओढली आणि सगळे "वा!" म्हणाले. चित्र रोमन सेनापती कोरिओलेनसचं. रोमनं हाकलून दिलं म्हणून शत्रूची फौज घेऊन हा पठ्ठ्या आपल्याच राज्यावर चालून गेला, कुणालाच बधेना; शेवटी आई आणि बायको छावणीत येऊन पाया पडल्या, तेव्हा कुठं माघारी फिरला. जुन्या चित्रकारांचा आवडता प्रसंग. ईराच्या सेनापतीला विलासचं नाक होतं, विलासची हनुवटी होती. आणि त्याच्या पायाशी, गुडघ्यांवर, हात जोडून रडणारी बायको म्हणजे हुबेहूब कुंदा.

"इट्स डॅड्स स्टोरी," ईरा अभिमानानं म्हणाली. "ही सेड नो टू द होल कंपनी. देन आई बेग्ड हिम."

विलास घाईघाईनं चादरीची घडी घालू लागला.

आता खरं काय घडलं ते ऐका. हाताखालच्या माणसांना काढायच्या कागदांवर सही कर, असं वरून आलं, तेव्हा विलास कँटीनमध्ये सगळ्यांदेखत गरजला होता, "आधी माझा राजीनामा, मग तुमच्या नोकऱ्या!" घरी येऊन त्यानं कुंदाला सांगितलं. ती काय म्हणाली? "द्या खुशाल. पुण्याला जाऊ, मी नोकरी धरीन." एवढं बोलून बाईनं माळ्यावरच्या बॅगा खाली काढल्या. त्या बॅगा बघून विलासचं अवसान गळालं. दुसऱ्या दिवशी त्यानं मुकाट्यानं सह्या केल्या आणि मग तोंड दाखवायचं कसं, म्हणून सांगत सुटला, "काय करू, कुंदानं पाय धरले हो!" लेकीलाही तेच सांगितलं. अहो, पण असं बोलवतं तरी कसं माणसाला!

प्रल्हाद बराच वेळ चित्राकडे बघत होता. मग हळूच म्हणाला, "वहिनी, माझा राग गेला. संसारासाठी माणूस पाया पडतंच. पण वैभवीला अजून जमत नाहीये. ती म्हणते, कुंदानं हट्ट केला नसता तर आपली ताटातूट झाली नसती."

दोन वर्षांचं कोडं कुंदाला आत्ता उलगडलं. मग तिनं विलासकडे बघितलं. रागानं नाही, नुसतं बघितलं. आत्ता बोललं पाहिजे, हे विलासला लख्ख कळत होतं. त्यानं तोंड उघडलं.

"प्रल्हाद, सोलकढी घे ना अजून," तो म्हणाला.

"हो भावजी," कुंदा म्हणाली. "माझंच चुकलं तेव्हा."

पाहुणे गेले, ईरा आपल्या खोलीत गेली. विलास स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. शरमेनं त्याला मान वर करवत नव्हती.

"तू का ओढून घेतलंस अंगावर?"

"पोरीसमोर तुम्हाला खोटं पाडू?" कुंदानं नळ बंद केला. "तुम्ही बोलाल म्हणून थांबले होते मी. पुष्कळ थांबले."

"मी सांगेन तिला. वैभवीलाही सांगेन. इन्शाल्ला, एकदा नीट वेळ बघून..."

"माझी मैत्रीण गेली हो त्यात," ती म्हणाली. तिनं हात पुसले, फोन उचलला आणि नंबर लावला. प्रल्हादनं वाटेतून फोन करून काही सांगितलं असेल की काय, कोण जाणे, पण या वेळी पलीकडून फोन उचलला गेला.

"वैभवी? मी कुंदा गं. ठेवू नकोस, ऐक. माझंच चुकलं. मीच यांना अडवलं त्या वेळी. मला माफ कर."

एक पाऊल पुढं टाकून तो फोन हातात घ्यायचा, एवढंच काम होतं. विलासला स्वतःची किळस आली. तो वळला, हॉलमध्ये जाऊन बसला आणि रिमोट घेऊन त्यानं टीव्हीचा आवाज वाढवला.