मेंदूच्या निरोप्याचा पेला

मित्रांनो, मी एक जुना काचेचा पेला आहे आणि माझा कुणावरही चटकन विश्वास बसत नाही. नवाबभाईंनी मला भट्टीवर फुंकून घडवलं तेव्हाच ते म्हणाले होते, "इसमें जरा भी मैल रह गया तो सब चौपट." तेव्हापासून मी साबणाकडे, पाण्याकडे, माणसांकडेही संशयानंच बघतो.

संभाजीनगरच्या एका प्रयोगशाळेत माझी उमेदीची वर्षं गेली. उंदराच्या मेंदूचा पातळ काप माझ्यात मिठाच्या पाण्यात ठेवायचे आणि पोटॅशियम घालून पेशींना डिवचायचे. त्या पेशींनी ग्लायसीन नावाचं अमिनो आम्ल बाहेर सोडलं, तर एक पेशी दुसरीला त्याच्या हाती निरोप धाडत असावी. तेव्हा माझी फार वाहवा झाली. पुढे प्लास्टिकची भांडी आली आणि मी कपाटात धूळ खात पडलो. पीएचडी करणाऱ्या खुशनुमानं मला बाहेर काढलं.

तोच प्रयोग करताना तिला माझ्यातल्या पाण्यात ग्लायसीन सापडलं. पण तिचे मार्गदर्शक सुदर्शन सर माझ्याहून संशयी. त्यांनी काप न घालता नुसतं पाणी तपासायला लावलं. त्यातही ग्लायसीन!

"घामात असतं ते. उघड्या हातानं धरलंस व्हय? असलं काम मी पुढं पाठवणार नाय."

"सर, कसम से, मी हातमोजे काढतच नाय!"

सर निघून गेले. तिची सगळी पीएचडीच बुडायची वेळ आली होती. मला भारी राग आला, पण मला कोण विचारतो?

दुसऱ्या दिवशी तिनं मला धुतलं, वाळवलं आणि शेजारी ठाण मांडून बसली. सर आले. रोजच्या सवयीनं त्यांनी मला उचलून खिडकीशी धरलं, अंगठा आत, बोटं बाहेर. "स्वच्छ हाय का बघू दे आधी."

"सर," ती हळूच म्हणाली, "तुम्ही हातमोजे घातले नाहीत."

सर अंगठ्याकडे बघतच राहिले. "चुकलं माझं," ते म्हणाले. "सगळं पुन्हा करू. मी बसतो तुझ्यासंगं."

या वेळी नुसतं पाणी कोरं निघालं. काप डिवचल्यावर मात्र ग्लायसीन आलं, आणि पाण्यातलं कॅल्शियम काढताच जवळजवळ थांबलं. पेशींना निरोप सोडायला कॅल्शियम लागतंच. तरी दोघांनी एवढंच लिहिलं, की ग्लायसीन निरोप्या असू शकतं.

मित्रांनो, आम्हा भांड्यांना जपून हाताळा. संशयही खुशाल घ्या, फक्त सुरुवात स्वतःपासून करा. सर ओरडून गेले त्या दिवशी खुशनुमा माझ्यावर वाकून रडली होती, आणि चूक तिची नव्हती.