नुसता लाइट

"येवढ्या येळात दोन शेर पिठाच्या भाकरी झाल्या असत्या," शुभांगीच्या खांद्यामागं बसलेली इरम्मा पुटपुटली. पुटपुटली म्हणजे काय, मानेला श्वास लागावा इतक्या जवळून.

"आज्जी, भाकरी फुगते तरी. ही फुगंना," शुभांगी म्हणाली आणि फाइल पुन्हा एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ओढली. पुन्हा तीच पाटी: फाइल इम्पोर्ट होत नाही.

जळकोटात हायवेला लागून विरेशचा स्टुडिओ. शूटिंग तो करायचा, एडिटिंग त्याची बायको शुभांगी. मोबाइलवर बघून बघून ती ते शिकली होती. इरम्माच्या नातीचं लग्न विरेशनंच शूट केलं. त्या लग्नात इरम्माचे यजमान सिद्रामप्पा माईक घेऊन नातीला आशीर्वाद द्यायला उभे राहिले. अर्धं मराठी, अर्धं कन्नड, अर्धा तास. पुढं महिन्याभरात अप्पा गेले. मग लग्नाचा व्हिडिओ घरी आला. त्यात पंगतीतली वांग्याची भाजीसुद्धा होती, अप्पांचं भाषण तेवढं नव्हतं. तेव्हापासून इरम्मा दर बाजाराच्या दिवशी स्टुडिओची पायरी चढायची आणि विरेश म्हणायचा, "फाइल खराब झालीय आज्जी." शेवटी काल कटकटीला कंटाळून त्यानं एक पेनड्राइव्ह शुभांगीपुढं टाकला. "ह्यात हाय म्हातारीचं भाषण. न्हाय चाललं तर तसं सांगून टाक तिला."

"न्हाय दिसलं तरी चालंल गं," इरम्मा म्हणाली. "डोळं तसं बी गेल्यात माझं. आवाज निघतोय का बघ. त्येंचा आवाज कुठंच न्हाय. फोन केला की लगेच ठेवायचे, बॅलन्स जळतोय म्हणून."

दारात तिचा मुलगा शिवशंकर मोटरसायकलची चावी बोटावर फिरवत उभा होता. "अव्वा, चल की आता. मशीनपुढं कुणाचं चालतंय?"

शुभांगी हटली नाही. फाइल पेनड्राइव्हवरून कम्प्युटरवर घेतली. नावातली मराठी अक्षरं काढून साधं इंग्रजी नाव दिलं; कधी कधी तेवढ्यानंही सॉफ्टवेअर वठणीवर येतं. कन्व्हर्टर लावला, त्यानं हात वर केले. दुसरा प्लेअर लावला, तो नुसता काळा. मग तिचं लक्ष फाइलच्या आकाराकडं गेलं. अर्ध्या तासाचं भाषण, आणि वजन एका फोटोएवढं? तिनं नावामागची व्हिडिओची शेपटी पुसली, फोटोची लावली. फाइल पटकन उघडली. रिकाम्या स्टेजचा फोटो. दोन खुर्च्या, मागं थर्माकोलचे मोर.

इरम्माला दिसत नव्हतं ते बरं. शुभांगीनं फोटो बंद केला, "आलेच हं," म्हणाली आणि पासपोर्ट फोटोच्या निळ्या पडद्यामागं विरेशला गाठलं.

"फोटोला व्हिडिओचं नाव दिलं तुम्ही? त्या बाईला गप करायला?"

"हळू बोल." विरेशनं मान खाली घातली. "भाषण घेतलंच न्हाय. नुसता लाइट मारला."

पुढं समजावून सांगायची गरज नव्हती. धंद्यातली रीतच ती. कॅमेऱ्यात यायची ज्याला हौस, पण लग्नघरच्यांना जो नको, त्याच्यावर लाइट मारायचा, कॅमेरा खांद्यावर धरायचा, बटण मात्र दाबायचं नाही. पाहुणा खूश, मेमरी कार्डवरची जागा वाचते. ह्यावर दोघं नवरा-बायको कितीदा पोट धरून हसलेही होते.

"कुणाच्या सांगण्यावरनं?"

विरेशनं हनुवटीनं दाराकडं दाखवलं. "पोरानंच. 'म्हातारा माईक सोडत न्हाय, व्याह्यापुढं हसं होतंय, नुसता लाइट मार.' घरचेच सांगत्यात तर म्या काय करू?"

ती परत आली. तिच्या तोंडाकडं बघूनच शिवशंकरला कळलं. चावी फिरायची थांबली.

"सोलापूरला मोठं दुकान हाय अव्वा," तो घाईघाईनं म्हणाला. "तिथं नेऊ. तिथं कसली बी फाइल निघते."

"व्हय, तसंच करा," पडद्याआडून विरेशचीही लगोलग साथ.

इरम्माचा चेहरा उजळला. तिनं चाचपून पेनड्राइव्ह उचलला आणि पदराच्या टोकात गाठ मारायला घेतली. "उद्याच जाऊ. पहिल्या एस्टीनं. एकदा ऐकलं की मग कुणाला काय मागायची न्हाय बघा मी."

शुभांगीनं तिचा हात धरला.

"आज्जी, सोलापूरला जाऊ नका. ह्यात अप्पा न्हाईतच. ते बोलत होते तवा कॅमेरा बंद होता. त्यांच्यावर नुसता लाइट मारला, आणि तसं करा म्हणून तुमच्या शिवशंकरनंच सांगितलं होतं."